बुडालेली साय

अर्धे बदाम सोलून झाले होते आणि अर्धे अजून गरम पाण्यातच होते, तेवढ्यात शेजारची बोनारिया मागच्या दाराने आत आली. अंगावर अजून काळेच कपडे. तिची आई जाऊन वर्ष व्हायला महिना बाकी होता.

"वहिनी, एकट्याच आहात?"

"बदाम आहेत की सोबतीला. बस, जरा हात लाव."

ती बसली नाही. एप्रनखालून तिने एक बाटली काढली आणि माझ्या बदामांच्या परातीशेजारी ठेवली. "ही पण आज संध्याकाळच्या ग्लासांत ठेवा."

बाटली कोणाची हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पण ऐकून माझे हात पाण्यातच राहिले. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात संत अंतोनीच्या सणाच्या जाळासाठी वाइन चाखायची होती. यंदा जाळाचा मान आमच्या घराकडे होता. गल्लीतल्या सहा घरांनी आपापल्या पिंपातली वेर्नाचा, म्हणजे आमच्याकडची वाइन, पाठवली होती. त्यातली एक निवडली जायची आणि सतरा तारखेच्या रात्री देवळासमोर जाळ पेटला की सगळ्या गावाला तीच मिळायची. आणि निवडणार होता बोनारियाचा बाप, प्रियामोकाका.

"अगं, चाखणारे तुझेच बाबा," मी म्हटलं.

"म्हणून तर. त्यांना सांगायचं नाही. आईची वाइन एकदा तरी जाळापाशी जाऊ दे, वहिनी. देवळात वर्षाची मिस्सा व्हायच्या आत. मग मी काही मागणार नाही."

मी ह्यांना विचारलं. ह्यांनी कान खाजवला, बाटलीकडे पाहिलं. "चाखणाऱ्याने आपलं पिंप ठेवायचं नाही असा नियम आहे. त्याने कुठे ठेवलंय? पोरीने ठेवलंय." आणि लाकडं मोजायला बाहेर निघून गेले.

प्रियामोकाकाबद्दल सांगायचं तर त्याच्या जिभेपासूनच सुरुवात करावी लागते. उमेदीत तो खाजणात बोय मासे पकडायचा. एकदा कुणाच्या तरी लग्नात त्याने ग्लास खाली ठेवला आणि भर पंगतीत म्हणाला, ही वाइन कांद्याच्या पोत्याशेजारी झोपत होती. नवरदेवाचा बाप चिडून तळघरात गेला आणि हसत वर आला, हातात कांदा घेऊन. तेव्हापासून जाळाची वाइन प्रियामोकाका निवडायला लागला. ते काम त्याने देवाचं मानलं. चाखायच्या आदल्या दिवसापासून लसूण नाही, कॉफी नाही. शेजारी कुणी अत्तर लावून बसलं तर तो खुर्ची उचलून दारात जाऊन बसायचा.

नुसती वाइन प्यायली की ती खोटं बोलते, असं तो म्हणायचा. तिला खाण्यासमोर उभं करायचं. आधी बोयच्या अंड्यांची सुकवलेली गाभोळी, कागदासारखी पातळ कापलेली. ती इतकी खारट आणि इतकी समुद्राची, की कच्ची वाइन तिच्यापुढे पाणी होते. मग मेंढीच्या दुधाचं जुनं चीज. शेवटी बदामाची मिठाई. गाभोळीपुढे जी घाबरत नाही, चीजला तोंड देते आणि मिठाईनंतर आंबट लागत नाही, ती जाळाची. पहिल्या घासाला टिकणाऱ्या पुष्कळ असतात. तिसऱ्या घासाला खरं कळतं.

त्याने स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. कुणाच्या तळघरात पाऊल टाकायचं नाही. पिंपं पाहिली की डोळे जिभेला शिकवायला लागतात, म्हणे. आणि आपल्या तळघरात एकही पिंप ठेवायचं नाही. चाखायचं काम मिळालं त्याच वर्षी त्याने बापाची पिंपं विकली आणि तळघरात मासे पकडायची जाळी भरली. पुढे राइमोंदाकाकू लग्न होऊन आली, ती पलीकडच्या गावाहून. गाडीत कपड्यांच्या पेटीशेजारी तिच्या आईचं छोटं पिंप होतं. काका म्हणाला, हे तळघरात जाणार नाही. ती म्हणाली, बरं. आणि तिने ते स्वयंपाकघरामागच्या कोठीत, तेलाच्या बुधल्याच्या आणि पिठाच्या डब्याच्या मध्ये ठेवलं. पुरुषमाणूस आमच्याकडे कोठीत जात नाही. प्रश्न मिटला.

ते पिंप मला माहीत होतं, कारण शुक्रवारी काकू मला मागच्या दाराने बोलवायची. तळलेल्या वामीचा तुकडा आणि छोटा ग्लास. उभ्याउभ्याच आम्ही प्यायचो. तिची वाइन मधाच्या रंगाची होती आणि वास कडू बदामाचा. आमच्याकडे पिंप गळ्यापर्यंत भरत नाहीत. वर हवेला जागा सोडायची, बूच सैल ठेवायचं, म्हणजे वाइनवर दुधासारखी साय धरते. ती साय जिवंत असली की खालची वाइन वर्षानुवर्षं शहाणी होत जाते. काकू बुचाला कान लावायची आणि म्हणायची, "झोपली आहे." मग हसायची. "ह्यांच्या न्यायापायी ही माझी पिंपातली पोर बिनलग्नाची राहिली बघ. गावातल्या सगळ्यांच्या पोरी जाळापाशी नाचून आल्या."

दर रविवारी गाभोळीबरोबर ती काकाला एक ग्लास द्यायची. काका प्यायचा आणि म्हणायचा, "बरी आहे." त्यापलीकडे एक शब्द नाही. बायकोच्या वाइनचं कौतुक केलं तर गाव काय म्हणेल. काकू ते ऐकून ग्लास उचलायची, विसळायची. मी एकदा विचारलं, राग नाही येत? ती म्हणाली, "त्याचा ग्लास रिकामा असतो ना, मग झालं."

हे सगळं आठवत मी उरलेले बदाम सोलायला घेतले. हात चालेना. थोडेसे सोलले, मिठाईपुरते कुटले आणि बाकीचे तसेच पाण्यात ठेवले.

संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड घातलं. कुठला ग्लास कुणाचा हे मला एकटीला ठाऊक, कारण ओतणारी मी. ग्लासाखाली धान्य ठेवायचं, ही रीत जुनी. एकाखाली वाल, एकाखाली हरभरा, मका, गहू, तांदूळ, ऑलिवची बी. सातव्या ग्लासाखाली मी बदामाचं टरफल ठेवलं. ओतताना मला वासावरून काहीच कळलं नाही. हातांना, नाकाला, सगळ्या घराला बदामाचाच वास होता.

चीज घेऊन पास्काला आली. ती शेजारचीच, राइमोंदाकाकूची ती लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. तिच्या घरची वाइनही ग्लासांत होती, वालाच्या. तिचं तोंड कधी बंद नसतं. "भावजी, यंदा तरी नीट चाखा. गेल्या वेळी गिरणीवाल्यांची निवडलीत, अजून दात आंबले आहेत माझे."

"दात आहेत का अजून?" प्रियामोकाका बसता बसता म्हणाला.

तो बारीक झाला होता. बायको गेल्यापासून त्याने वाइनला हात लावला नव्हता. दुखवटा पाळत होता. पोरगीही पाळत होती. फादरांनी त्याला सांगितलं होतं की जाळाचं काम देवाचं, त्या संध्याकाळपुरता दोष नाही. म्हणजे वर्षभरात त्याच्या जिभेला लागणारी ही पहिलीच वाइन. बोनारिया दाराला टेकून उभी होती. बापाच्या पाठीकडे बघत.

काकाने गाभोळीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि पहिला ग्लास घेतला. "ही शाळेतल्या बाईंसारखी. चुका काढते, पण हसत नाही." दुसरा. "हिला बोलायची घाई." पास्कालाच्या वालाच्या ग्लासाला तो म्हणाला, "तब्येत चांगली आहे, अक्कल यायची आहे," आणि पास्काला म्हणाली, "बघा, घरच्यांवर गेली." आम्ही हसलो. हे सुद्धा हसले. तांदळाचा ग्लास मात्र त्याने तीनही घासांनंतर संपवला, काही न बोलता, आणि तो बाजूला सरकवला. आम्हाला कळलं, हीच जाळाची.

मग टरफलाचा ग्लास.

त्याने वास घेतला. परत घेतला. गाभोळी खाल्ली, घोट घेतला, आणि चीजला हातही लावला नाही. ग्लास त्याने दूर ढकलला, इतका की थोडी वाइन कापडावर सांडली.

"ह्यातली साय मेली आहे," तो म्हणाला. "मेली नाही, मारली आहे. बुडवून. मूळ चांगलं होतं, ते कळतंय, म्हणून जास्त वाईट वाटतंय. ज्या घरात हे पिंप आहे, त्या घरात त्याला कुणी वाली नाही."

मी क्रूसाची खूण केली. दुसरं काही सुचलंच नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. पास्काला विचारायला लागली, "कुणाची हो?" आणि मी कापडावरचा डाग पुसायला लागले.

"बाबा," बोनारिया दारातून म्हणाली. "ती आईची आहे."

काका वळला नाही. हात टेबलावर होते तिथेच राहिले. 

"नाही," तो म्हणाला.

"सकाळी मी माझ्या हाताने तोटीतून भरली."

"चाखलीस?"

"दुखवट्यात मी कशी चाखणार?"

ह्यांनी मधे पडून पाहिलं. "काका, वर्षभर जिभेला सवय नव्हती. गाभोळी खारट आहे यंदाची. पाणी प्या, परत एकदा बघा."

काका पाणी प्यायला नाही. ग्लास जवळ ओढला, तसाच परत एक घोट घेतला, डोळे उघडे ठेवून. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे पाहत होतो. त्याने खूप वेळाने गिळला.

"जीभ बरोबर आहे," तो म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

"चाळीस वर्षं दर रविवारी प्यायलात," बोनारियाचा आवाज चढला नव्हता, पण ऐकवत नव्हता. "दर रविवारी 'बरी आहे'. ती गेल्यावर एकदा तरी चांगलं म्हणाल म्हणून मी आणली. आणि तुम्ही तिला ओळखलंसुद्धा नाहीत."

काका उठला, टोपी खुर्चीवर विसरला आणि आमच्या अंगणातून सरळ आपल्या घरी गेला. आम्ही मागोमाग. मिठाईचं ताट उघडंच राहिलं टेबलावर.

आपल्या स्वयंपाकघरातून तो कोठीच्या दाराशी पोचला आणि थांबला. दिव्याचं बटण कुठे आहे ते त्याला सापडेना. भिंतीवरून हात फिरवत होता. शेवटी बोनारियाने लावलं. पिंप जागच्या जागी होतं, तेलाच्या आणि पिठाच्या मध्ये. वर काकूने विणलेला रुमाल. काकाने रुमाल काढून घडी करून खिशात ठेवला आणि बोटांच्या पेरांनी पिंपावर वाजवलं. खाली वाजवलं, मध्ये, वर. सगळीकडे एकच बद्द आवाज. मग त्याने बूच काढलं आणि भोकात बोट घातलं. पहिल्याच पेराला वाइन लागली.

बोट त्याने आमच्यापुढे धरलं. आम्ही इथल्याच बायका, आम्हाला सांगायला लागलं नाही. सकाळी एक बाटली निघूनही पिंप काठोकाठ होतं. हवेला तसूभर जागा नव्हती. साय जगणार कुठे?

"कुणी भरलं?" त्याने विचारलं. "तू?"

"मी तोटीशिवाय कशाला हात लावला नाही," बोनारिया म्हणाली. "आईच्या वस्तू होत्या तशा ठेवल्यात मी."

माझ्या मागे पास्काला भिंत धरून खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला वळले तर तिने माझा हात धरून ठेवला.

"भावजी," ती म्हणाली, "मी भरलं."

गल्लीत कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारणी जेवण नेतात, आणि नऊ दिवसांची प्रार्थना संपेपर्यंत घरातलं एकही भांडं अर्धं राहू देत नाहीत. तेल, पीठ, मीठ, पाणी, जे कमी दिसेल ते आपल्या घरून आणून भरायचं. दुःखातल्या माणसाला डब्याचा तळ दिसू नये. काकू गेली तेव्हा मी पाणी आणि मीठ पाहिलं होतं. कोठी पास्कालाने घेतली होती.

"पीठ भरलं, तेल भरलं," पास्काला सांगत होती. एरवी तिची जीभ कशी धावते, आणि आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मग ह्याच्यावर वाजवलं. वरून पोकळ वाजलं. मला वाटलं सिरक्याचं, व्हिनेगरचं असेल. कोठीत दुसरं काय असणार, भावजी? तुमच्या घरात वाइनचं पिंप नसतं, सगळं गाव जाणतं. सिरक्याला वाइन घालतातच. आमच्या पिंपातली चांगली, जुनी आणली मी. राइमोंदाच्या घरात कशाला हलकी घालू? काठोकाठ भरलं आणि बूच हाताने ठोकून बसवलं. तळघरात असतं तर मी शिवले असते का? तुम्ही सांगा. मी शिवले असते?"

 राइमोंदाकाकूने तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीलाही हे पिंप दाखवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. चाखणाऱ्याच्या घरात पिंप आहे असं बाहेर गेलं तर नवऱ्याच्या न्यायाला डाग. मला बोलवायची, कारण मी शेजारच्या अंगणातली आणि बोलून दाखवत नाही. पास्कालाला बोलवणं म्हणजे गावात दवंडी. एवढ्याशा गोष्टीवरून. मी देवमातेचं नाव घेत राहिले. 

बोनारिया मघाशी बापावर तुटून पडली होती. आता ती पास्कालाकडे वळली, आणि मला वाटलं आता काय ऐकावं लागतंय. पण ती नुसती बघत राहिली. म्हातारीने आपल्या घरची जुनी वाइन डबे भरभरून वाहून आणली होती, मैत्रिणीच्या मयताला. 

"मावशी, उठा," एवढंच म्हणाली. "फरशी गार आहे."

काका पिंपावर हात ठेवून उभा होता. "म्हणजे ओळखू आली नाही ती ह्यामुळे," तो पिंपाला म्हणाल्यासारखा म्हणाला. मग मान हलवली. "ह्यामुळे नाही. इथे आलो असतो तर दिसलं असतं. वर्षात एकदा जरी हे दार उघडलं असतं."

"बाबा, पुरुष कोठीत जात नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

त्यावर तो हसल्यासारखा झाला, पण ते हसू नव्हतं. ह्यांनी खाकरून विचारलं, जाळाचं काय करायचं. हे असेच आहेत, अडचणीच्या वेळी कामाचं विचारतात. "बोललो ते बोललो," काका म्हणाला. "तांदळाची जाईल जाळाला. हिची जाणार नाही. बोनारिया, तू रडू नकोस. मेलेल्या सायीची वाइन गावाला पाजली असती तर तुझ्या आईनेच मला घराबाहेर काढलं असतं. आता तोटी खोल. पाव पिंप काढ."

बोनारियाने एकामागून एक घागरी लावल्या. वाइन गढूळ येत होती आणि कोठीभर शिळा वास सुटला. पास्काला डोळे पुसत म्हणाली, "ह्याचं काय करायचं?"

"सिरक्याला घाल," काका म्हणाला. "तुझी आहे, तुलाच परत."

पास्कालाच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला कळलं नाही. वाइन खाली गेली तसं काका पिंपावर वाजवत राहिला. वरच्या बाजूला पोकळ वाजायला लागल्यावर त्याने तोटी बंद करायला लावली. मग पास्कालाला विचारलं, "तुझ्या तळघरात साय कशी आहे?"

"दाट आहे. गोधडीसारखी."

"थोडी हवी. ह्याच्यावर सोडून बघतो. धरली तर धरली."

"मी आणून देते, भावजी."

"मला बघून घ्यायची आहे. कुठल्या पिंपातली घ्यायची ते."

ह्यांनी झटकन मान वर केली. मलाही धक्काच बसला. माझ्या लग्नापासून ह्या माणसाने कुणाच्या तळघराची पायरी उतरलेली मी पाहिली नव्हती. पास्कालाचा नवरा तळघराच्या जिन्यावरून पडला होता, तेव्हासुद्धा काका वरच उभा राहून हाका मारत होता. खाली उतरला नव्हता.

"काका," हे म्हणाले, "तळघरात गेलात की चाखणं संपलं. नियम तुमचाच आहे."

"संपलं."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुसरं तोंड शोधा. माझं पिंप ग्लासांच्या रांगेत असणार आहे. मी कसा चाखू?"

 ह्यांच्या चेहऱ्यावर, जाळाचा मान आपल्याकडे असतानाच हे व्हायचं होतं, असं लिहिलेलं होतं. माझ्या मनात आलं, साय धरली नाही तर? परक्या पिंपातली साय कधी धरते, कधी नुसती तरंगते आणि तळाशी जाते. ईस्टरपर्यंत कळणारही नाही. ह्याने हातातलं सोडून दिलं, आणि मिळेल की नाही हे देवालाच ठाऊक. पण त्याला हे सांगणार कोण? आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला ते जास्त माहीत होतं.

बूच त्याने सैल ठेवलं. खिशातला रुमाल काढला, झटकला आणि पिंपावर परत नीट घातला. मग कोठीत इकडे तिकडे पाहायला लागला.

"लांब दांड्याचा डाव कुठे ठेवायची तुझी आई?"

"तुमच्या डोक्यावर, बाबा. खिळ्याला."

त्याने वर पाहिलं, डाव काढला, बाहीला पुसला. डोक्याला हात लावला तेव्हा टोपी नाही हे त्याच्या लक्षात आलं. मी म्हटलं, आमच्या खुर्चीवर आहे, आणते. तो म्हणाला, राहू दे. पास्कालाने त्याच्या आधी अंगणात पाय टाकला, दिवा दाखवायला. प्रियामोकाका डाव हातात धरून तिच्या मागे निघाला. पास्कालाच्या तळघरातून साय आणायला.